स्वर वाचणे आणि चीज वाचणे : पं. विष्णु नारायण भातखंडे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपल्या घरी आणि मंडळात बाप्पा येतात. १९३६ साली ही चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि त्याच दिवशी मुंबईत पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी देह ठेवला. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईतल्या वाळकेश्वरचा, आणि तिथी होती गोकुळाष्टमी. मुरलीधराच्या जन्मदिवशी आलेला हा माणूस विद्येच्या देवतेच्या दिवशी गेला. मधल्या शहात्तर वर्षांत त्याने आपल्या संगीताला जे लेखी रूप दिले, त्यावर आजही ग्वाल्हेर, लखनौ, बडोदे, इंदूर, हैदराबाद इथल्या हजारो मुलांचा पहिला धडा चालतो. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत त्यांची आठवण काढायला याहून वेगळे निमित्त नको.

आधीच सांगतो, मी गवई नाही. डिप्लोमा करून सरकारी खात्यात उपयंत्री म्हणून लागलो आणि माझा दिवस पूल, नाल्या आणि मोजमाप-पुस्तकात जातो. पण लष्करातल्या बऱ्याच मराठी घरांप्रमाणे आमच्याही घरात मुलाला पेटी आणि गाण्याच्या शिकवणीला घालण्याची पद्धत होती. त्या शिकवणीत मला एक चपराक बसली होती. भातखंड्यांचे चरित्र मी प्रथम वाचले ते तिच्यामुळेच.

परीक्षा होती. परीक्षकांनी माझ्यासमोर स्वरलिपीतली एक ओळ ठेवली, मी कधीही न पाहिलेली. मी ती वाचत वाचत गायलो. एकही स्वर चुकला नाही, मात्रा चुकली नाही. मनातून मी खूश. मग त्यांनी राग विचारला. कागदावर सा, रे, ग, प, ध एवढेच पाच शुद्ध स्वर दिसत होते. मी ताडकन भूप म्हणून मोकळा झालो. तो भूप नव्हता, देसकार होता. दोन्ही रागांत हेच पाच स्वर. पण भूपात गंधार वादी, चाल कल्याणच्या अंगाची, बैठक पूर्वांगात. देसकारात धैवत वादी, बिलावलचे अंग आणि सगळा जोर उत्तरांगावर. त्या ओळीत धैवतावर पुन्हापुन्हा मुक्काम होता. माझ्या डोळ्यांना ध दिसला होता, पण तो तिथे का थांबला आहे हे कानाने विचारलेच नव्हते. अक्षरे वाचता आली, मजकूर कळला नाही.

पाश्चात्त्य संगीत शिकणारी मुले या दोन गोष्टींना दोन वेगळी नावे देतात. पुढ्यात आलेला कागद पाहताक्षणी वाजवून किंवा गाऊन दाखवणे म्हणजे साइट-रीडिंग. स्कोअर-रीडिंग म्हणजे संपूर्ण रचनेचा कागद शांतपणे वाचून ती मनात ऐकणे, कोणती ओळ कोणत्या ओळीला आधार देते हे जाणणे. त्यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवाल्यासमोर फक्त व्हायोलिनची ओळ असते. त्याने ती झटकन आणि बिनचूक वाचली की त्याचे काम झाले. वाद्यवृंद चालवणाऱ्यासमोर मात्र एका पानावर वीस-वीस ओळी एकाखाली एक मांडलेल्या असतात आणि त्याला त्या सगळ्या मिळून काय होते ते कळावे लागते. पहिल्याची तयारी डोळ्यांची आणि हाताची, दुसऱ्याची कानाची आणि बुद्धीची. एक येत असले म्हणजे दुसरे येतेच असे नाही.

आपल्या रागसंगीतात वीस ओळी नसतात, एकच असते. तरी हा फरक आपल्याकडेही आहे आणि कदाचित जास्तच आहे, कारण आपल्या एका ओळीच्या मागे अख्खा राग उभा असतो. भातखंड्यांचे सारे आयुष्य या फरकाशी झुंजण्यात गेले असे मला वाटते.

वडील नारायणराव एका धनिकाकडे नोकरीला होते. घरची स्थिती बेताची, पण गाण्याची आवड होती. विष्णु लहानपणी बासरी वाजवू लागला, पुढे वल्लभदास यांच्याकडे सतार शिकला. गाणे-बजावणे हा भल्या घरच्या मुलाचा उद्योग नव्हे असे मानण्याचे ते दिवस. त्यामुळे शिक्षण एका बाजूला आणि सतार दुसऱ्या बाजूला असे चालले. १८८४ मध्ये ते गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. मुंबईतल्या पारशी मंडळींनी १८७० मध्ये काढलेली ही संस्था. तिथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे आणि अली हुसेन, विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल त्यांना मिळाले. १८८५ मध्ये ते पदवीधर झाले, १८८७ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि वकिली करू लागले.

वकिलाची सवय त्यांनी गाण्यातही आणली. शिकलेली प्रत्येक चीज ते लिहून ठेवत. एकच चीज दोन ठिकाणी ऐकली की दोन्ही पाठ शेजारी ठेवून ताडून पाहत, जसे दोन साक्षीदारांचे जबाब ताडून पाहावेत तसे. त्यांना लवकरच दिसले की एकाच रागाबद्दल दोन खाँसाहेबांचे एकमत होत नाही, आणि विचारले तर उत्तर एवढेच मिळते की आमच्या घरात असेच गातात.

संसार सुरू होता, वकिलीही बरी चालली होती. १९०० मध्ये पत्नी वारली. १९०३ मध्ये एकुलती मुलगी गेली. घरात कोणी उरले नाही. भातखंड्यांनी पुन्हा लग्न केले नाही आणि हळूहळू वकिली सोडून दिली. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस साधारणपणे बढती आणि मुलांच्या शिक्षणाचा हिशेब करत असतो, मीही तेच करतो आहे. त्या वयात त्यांनी जुन्या पोथ्या, वह्या आणि प्रवासाची ट्रंक एवढाच संसार ठेवला.

१८९६ मध्ये ते गुजरात-काठेवाडकडे फिरून आले होतेच. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले. तमिळ प्रदेशातल्या एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितार यांची भेट झाली. त्याच वर्षी दीक्षितारांचा संगीत संप्रदाय प्रदर्शिनी हा मोठा ग्रंथ तेलुगू लिपीत छापून निघाला होता आणि त्यात शेकडो रचना स्वरलिपीसह होत्या. दक्षिणेत सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीच्या चतुर्दण्डिप्रकाशिका या ग्रंथावर त्यांची नजर पडली. सप्तकातल्या बारा स्वरांची गणिताने मांडणी करून व्यंकटमखीने बहात्तर मेळ काढले होते. भातखंड्यांना जी गोष्ट हवी होती ती इथे मिळाली : रागांना कप्प्यांत ठेवण्याची एक सोपी, सर्वांना तपासून पाहता येईल अशी रीत.

१९०७ मध्ये ते नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयनगरम, हैदराबाद असे हिंडले. कलकत्त्यात राजा सौरींद्रमोहन टागोर यांच्याशी बोलणी झाली, हैदराबादला अप्पा तुलसी यांच्यासारखा समानधर्मा भेटला. १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदेपूर. जाईल तिथे प्रश्नांची यादी बरोबर, रात्री रोजनिशी. बोलणारा पंडित असो की उस्ताद, हा गृहस्थ न दमता विचारत राही, आणि उत्तर गोलमोल आले तर रोजनिशीत तसे स्पष्ट लिहीत असे. त्यांची ही परखडता कधीकधी कडवट होई, विशेषतः निरक्षर उस्तादांविषयी. ते सगळेच न्याय्य होते असे आज म्हणता येणार नाही.

या भटकंतीत त्यांना एक मोठा धक्का बसला. तो तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरामुळे. शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाचा, म्हणजे आपल्याच मुलखातला. त्याच्या ग्रंथात रागांची वर्णने आहेत आणि काही रचना सा-रे-ग-म अशा अक्षरांत लिहिलेल्याही आहेत. ती अक्षरे कोणालाही वाचता येतात. पण त्या काळचे शुद्ध स्वर नेमके कोणते, कोणता गंधार आणि कोणता निषाद, हे सांगणारी गाती परंपराच मधल्या सहाशे वर्षांत तुटली. भातखंडे ज्या ज्या पंडिताला भेटले त्याला त्यांनी रत्नाकरातला एखादा राग गाऊन दाखवायला सांगितले. पोपटासारखा श्लोक म्हणणारे पुष्कळ निघाले, गाऊन दाखवणारा कोणी निघाला नाही. कागद शाबूत आणि गाणे हरवलेले.

यातून त्यांनी दोन निष्कर्ष काढले आणि ते एकमेकांच्या विरुद्ध वाटले तरी दोन्ही खरे होते. पहिला, आज जे गायले जाते ते आजच लिहून ठेवले नाही तर तेही असेच जाईल. दुसरा, नुसते लिहून ठेवले तर उपयोग नाही, ते वाचावे कसे हेही त्याच्याबरोबर लिहून ठेवले पाहिजे. जुन्या शास्त्राला त्यांनी मान दिला, पण निर्णय चालू गायकीवर सोपवला. आपल्या शास्त्रात जे प्रत्यक्ष गाण्यात दिसते त्याला लक्ष्य म्हणतात आणि जे ग्रंथात सांगितले आहे त्याला लक्षण. १९१० च्या सुमारास चतुर पंडित या नावाने त्यांनी संस्कृतात श्रीमल्लक्ष्यसंगीतम् लिहिले. त्या नावातच त्यांची बाजू कळते.

त्यावर टीका म्हणून मराठीत हिंदुस्थानी संगीत पद्धती या ग्रंथाचे चार भाग आले. पहिला १९१० च्या आसपास, शेवटचा १९३२ मध्ये. हे गुरु-शिष्याच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा अडवतो. एवढे अवघड शास्त्र त्यांनी आपल्या मायमराठीत मांडले ही गोष्ट आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी विसरू नये. उत्तर हिंदुस्थानातल्या कितीतरी जाणकारांना मूळ ग्रंथासाठी मराठी वाचावे लागले.

दहा थाटही याच कामातून आले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. बहात्तर मेळ उत्तरेकडे लागत नाहीत, प्रचारातले राग दहा कप्प्यांत बसवता येतात, असे त्यांनी दाखवले. काही राग या कप्प्यांत नीट बसत नाहीत ही टीका त्यांच्या हयातीतच झाली आणि ती चुकीचीही नाही. पण नव्या विद्यार्थ्याला शे-दीडशे रागांच्या जंगलात शिरताना दहा पाट्या लावलेल्या मिळाल्या, हे काम छोटे नव्हे.

आता त्यांच्या स्वरलिपीकडे येऊ. तिच्यात शिकायला फारसे काही नाही, हेच तिचे मोठेपण. शुद्ध स्वराला खूण नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत दोन-चार स्वर आले तर त्यांच्याखाली कंस. समेला गुणाकाराची फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना दोन, तीन, चार असे आकडे. स्वर लांबला तर आडवी रेघ, अक्षर लांबले तर अवग्रह. मींड असेल तर स्वरांवर कमान, कण असेल तर मुख्य स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षर. पंचम कंसात लिहिला तर धैवत, पंचम, मध्यम, पंचम असा झटकन फेरा घ्यायचा. ही लिपी देवनागरी वाचणाऱ्या कोणालाही एका आठवड्यात येते. याच काळात पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीही आपली स्वरलिपी केली होती. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणे घराघरांत नेले. त्यांच्या लिपीत मात्रेच्या बारीक भागांना वेगवेगळ्या खुणा आहेत आणि ती अधिक काटेकोर आहे. पण छापायला आणि झटपट वाचायला भातखंड्यांची सोपी, म्हणून तीच जास्त पसरली.

लिपी सोपी झाली की एक धोका येतो. जो तो ती पाहून गाऊ लागतो आणि आपल्याला राग आला असे समजतो. माझे परीक्षेत झाले ते हेच. उस्तादांची हरकतही नेमकी इथे होती, आणि ती सारीच स्वार्थाची नव्हती. आपली पोटापाण्याची चीज कोणी वहीत उतरवून नेईल ही भीती तर होतीच. पण दरबारी कानड्याचा गंधार कागदावर फक्त एक कोमल ग असतो. तो किती खाली झुकतो, किती आंदोलित होतो, मध्यमाच्या आधाराने कसा येतो, हे रेघ सांगत नाही. ज्याने तो कानाने ऐकला आहे त्याला ती रेघ आठवण करून देते, ज्याने ऐकलेला नाही त्याला ती फसवते.

भातखंड्यांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. क्रमिक पुस्तक मालिका या त्यांच्या पुस्तकांची रचना पाहिली की ते ध्यानात येते. एकूण सहा भाग, अठराशेच्या वर चिजा, त्यातले शेवटचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. पण राग उघडला की लगेच ख्याल समोर येत नाही. आधी रागाचा थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी, गाण्याची वेळ, पकड. मग सरगमगीत, म्हणजे शब्दांशिवाय नुसत्या स्वरांत बांधलेली रचना. ती पाहताक्षणी गाण्याच्या सवयीसाठी उत्तम. त्यानंतर लक्षणगीत. ही एक मोठी युक्ती. या गीताच्या शब्दांतच रागाचे नियम सांगितलेले असतात आणि चालीत ते पाळलेले असतात. म्हणजे मुलगा जे तोंडाने म्हणतो आहे तेच गळ्याने करतो आहे. डोळ्यांनी वाचणे आणि बुद्धीने वाचणे यांची गाठ त्यांनी तिथे मारून दिली. ध्रुपदे, ख्याल, तराणे हे त्यानंतर. एकाच रागात पाच-सात चिजा देण्याचे कारणही हेच. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की प्रत्येकीत काय सारखे आहे ते दिसते, आणि जे सारखे राहते तो राग. शिकवणीत आम्ही एक चीज पाठ करायचो आणि पान उलटायचो, त्या शेजारच्या चिजांकडे कधी पाहिलेच नाही.

चिजा मिळवण्याची कथाही लांबलचक आहे. जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या घराण्याकडून त्यांना मनरंगाच्या परंपरेतला मोठा साठा मिळाला. आपल्या ग्वाल्हेरच्या शंकरराव पंडितांचे बंधू एकनाथ पंडित यांच्याकडून हद्दू-हस्सू खाँच्या गायकीतले ख्याल मिळाले. रामपूरला तर त्यांनी नवाब हमीद अली खाँ यांचे शागीर्दपण पत्करले, म्हणजे तानसेनाच्या वंशपरंपरेतले वजीर खाँ बीनकार आणि साहेबजादे सआदत अली खाँ ऊर्फ छम्मन साहेब यांच्याकडची विद्या मोकळी झाली. पंडितांच्या चुका काढणारा हा विद्वान पन्नाशी ओलांडल्यावर शिष्य होऊन समोर बसला. पुस्तके लिहिणाऱ्यालाही शेवटी कोणाच्या तरी समोर बसूनच शिकावे लागले.

१९१६ मध्ये बडोद्याला महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. बडोद्यात स्वरलिपीची जमीन आधीच नांगरलेली होती. मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये तिथे गायनशाळा काढून स्वतःच्या लिपीत पुस्तके छापली होती. या परिषदेत बावीस श्रुतींवर मोठा वाद झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी श्रुती वाजवणारी खास पेटी करून आणली होती. गाणाऱ्याच्या गळ्यातले बारीक अंतर पेटीच्या पट्ट्यांत कायमचे बसवता येईल हा त्यांचा दावा भातखंड्यांना पटला नाही. ज्याने जन्मभर गाणे कागदावर उतरवले, त्यानेच लिहिण्याची मर्यादाही ओळखली होती. लिपीने बारा स्वरांची जागा दाखवावी, त्यापुढचे काम गळा आणि कान करतील, असा त्यांचा व्यवहारी हिशेब होता. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौ येथेही परिषदा झाल्या आणि गवई, पंडित, संस्थानिक एका मांडवाखाली येऊ लागले.

ग्वाल्हेरचा अध्याय आपल्या घरचा. महाराजा माधवराव शिंदे यांनी भातखंड्यांना बोलावले आणि त्यांच्या सल्ल्याने शाळा काढायचे ठरवले. पण शिकवणार कोण? ग्वाल्हेरला गवयांची वाण नव्हती, स्वरलिपी जाणणाऱ्यांची होती. म्हणून १९१७ मध्ये इथल्या काही गाणाऱ्यांना मुंबईला पाठवले गेले. त्यात राजाभैया पूंछवाले होते. ही मंडळी नवशिकी नव्हती, चांगली तयार गाणारी होती. त्यांच्या गळ्यात शेकडो चिजा होत्या, हातात लिपी नव्हती. माझ्यासारख्याचा प्रवास लिपीकडून रागाकडे व्हायला हवा होता, त्यांचा रागाकडून लिपीकडे झाला. साहजिकच लिपी त्यांना भराभर उमजली. जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि राजाभैयांनी पुढे अनेक वर्षे त्याची धुरा वाहिली. त्याच वेळी याच शहरात कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये स्थापलेले शंकर गांधर्व महाविद्यालय घराण्याच्या रीतीने विद्या देत होते. दोन वाटा एका गावात शेजारी शेजारी चालल्या. ग्वाल्हेरकरांचे त्यात नुकसान झाले नाही.

लखनौला १९२६ मध्ये राय उमानाथ बली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज निघाले. संयुक्त प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर मॅरिस यांचे नाव त्याला दिलेले होते. आज तीच संस्था भातखंड्यांच्या नावाने विद्यापीठ झाली आहे. तिची धुरा ज्यांनी दीर्घकाळ वाहिली ते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर भातखंड्यांचे लाडके शिष्य. सारी क्रमिक पुस्तके, सारी लिपी रातंजनकरांना घरच्यासारखी ठाऊक होती. तरीही भातखंड्यांनी सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळवून देऊन त्यांना बडोद्याला उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे पाच वर्षे शिकायला ठेवले. आपल्या पुस्तकाने गवई तयार होतो असे भातखंड्यांना वाटत असते, तर आपल्या सर्वांत हुशार शिष्याला त्यांनी आग्रा घराण्याच्या उस्तादासमोर बसवले नसते. लिपी कशासाठी आणि गुरू कशासाठी, याचे उत्तर मला त्यांच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा या एका कृतीत जास्त स्पष्ट दिसते.

१९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. मांडीचे हाडही मोडले. तीन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. ज्याने काठेवाडपासून कलकत्त्यापर्यंत आणि तमिळ मुलखापासून बिकानेरपर्यंत पायाला भिंगरी लावून चिजा वेचल्या, त्याला खोलीच्या भिंती पाहत पडावे लागले. तेवढ्यात गणेश चतुर्थी आली आणि ते गेले. १९६१ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. गाता गळा नावाजला गेला म्हणून नव्हे, तर दुसऱ्यांचे गाणे जपले म्हणून मिळालेला हा मान.

माझ्या परीक्षेतल्या फजितीनंतर बऱ्याच वर्षांनी, नोकरीतच, मला त्याचा अर्थ लागला. नव्याने लागलेला मुलगा नकाशा घेऊन येतो आणि मापे धडाधड वाचतो : भिंत नऊ इंच, खिडकी चार फूट, उतार अमुक. सगळे बरोबर. पण पाऊस पडला की पाणी कुठे जाईल असे विचारले की गप्प होतो. आकडे त्याने वाचले, इमारत वाचली नाही. तो चुकला असे मी म्हणत नाही, तिथपर्यंत येणेही आवश्यकच आहे. मापे वाचता न येणारा इमारतही वाचू शकणार नाही. फक्त तिथेच थांबायचे नाही.

आपल्या मंडळात दरवर्षी लहान मुलांचा गाण्याचा कार्यक्रम होतो. आता वहीऐवजी हातात मोबाईल असतो. त्यावर स्वरलिपी उघडायची आणि पाहत पाहत गायचे. स्वर बहुधा बरोबर लागतात. टाळ्याही पडतात, आणि पडाव्यात. पण मुलांना शिकवणाऱ्या ताई-दादांना माझी एक विनंती आहे. पाहून गायल्यावर कागद उलटा ठेवायला सांगा. मग विचारा, ही चीज सर्वांत जास्त वेळ कोणत्या स्वरावर थांबली? कोणता स्वर चढताना टाळला? समेवर कोणते अक्षर आले? आणि शक्य असेल तर याच रागातली दुसरी एखादी चीज एखाद्या जुन्याजाणत्याच्या तोंडून ऐकवा. दहा मिनिटांचे काम आहे. पन्नास मुलांत दोघांनाच गोडी लागली तरी पुष्कळ.

माझी मुलगी सध्या क्रमिकच्या पहिल्या भागात आहे. परवा ती भूप आणि देसकार यांच्या सरगमी पाठोपाठ वाचत होती. मला राहवले नाही, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून दोन्हींतला फरक विचारला. तिने कागदाकडे न पाहता आधी गंधारावर थांबून दाखवले, मग धैवतावर. मला या वयात इतकेही येत नव्हते. या चतुर्थीला आरती झाल्यावर भातखंडेबुवांनाही मनातल्या मनात नमस्कार करायचा आम्ही दोघांनी ठरवले आहे. तुम्हीही करावा.

गणपती बाप्पा मोरया!